धुरपताबाईचं सूत

रूपराव उमाटेला फिजिक्स येत होतं, बोर नदीच्या पुरात पोहता येत होतं आणि वांग्याच्या झाडाकडे नुसतं बघून कीड कुठे लागली ते सांगता येत होतं. सूत मात्र कातता येत नव्हतं. दुसऱ्या एखाद्या कॉलेजात ही उणीव त्याच्या निवृत्तीपर्यंत कोणाच्या ध्यानात आली नसती. पण त्याला नोकरी लागली ती सेलूच्या बाहेर, हिंगणीच्या रस्त्यावरच्या कॉलेजात, आणि तिथे प्राध्यापकाची पारख सुतावरून होत असे.

हा दंडक प्राचार्य सदाशिवराव देवतळे यांचा. सगळा तालुका त्यांना अण्णाजी म्हणायचा. अण्णाजी स्वभावाने लोण्यासारखे मऊ, पण तत्त्वाची गोष्ट निघाली की ब्रह्मदेव आला तरी हलायचे नाहीत. चहा पीत नसत, आपली चप्पल आपण शिवत, आणि तापापासून परीक्षेच्या भीतीपर्यंत कशावरही मातीची पट्टी लावत. रोज सकाळी साडेसातला घंटा झाली की कॉलेजचे बाराही प्राध्यापक सभागृहातल्या सतरंजीवर मांडी घालून बसत आणि अर्धा तास टकळीवर सूत कातत. याला सूत्रयज्ञ म्हणायचं. अण्णाजी स्वतः समोर बसून डोळे मिटून कातत, त्यामुळे मागे कोण काय करतो ते त्यांना दिसत नसे.

शिवाय रोज घरीही कातायचं. त्या दिवशीच्या सुताची एक लटी, म्हणजे लहानशी लड, करायची, तिला तारखेची चिठ्ठी बांधायची आणि शनिवारी सहा लट्या लहानू शिपायाकडे जमा करायच्या. रविवारी अण्णाजी अंगणात बसून एकेक लटी बोटांतून सरकवत. सूत तुटलं की जोडावं लागतं आणि जोडलं की गाठ येते. अण्णाजी गाठी मोजत आणि एका लांबट वहीत तारखेसमोर आकडा लिहीत. वहीच्या पुठ्ठ्यावर निळ्या शाईने एकच शब्द होता, 'निष्ठा'.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. ज्याचं चित्त ठिकाणावर त्याचं सूत सलग, आणि ज्याचं सूत सलग त्याचं शिकवणं सलग. कामात देव बघणाऱ्याच्या सुताला गाठी पडत नाहीत. वर्षाच्या गोपनीय अहवालात 'कामावरील निष्ठा' असा एक रकाना असे, तो ते या वहीवरून भरत.

अडचण एवढीच होती की हा सिद्धांत कोणालाच लागू पडत नव्हता. मराठीचे पुंडलिकराव झाडे यांचं सूत केसासारखं बारीक, वर्षाच्या गाठी मोजून नऊ. पण त्यांच्या तासाला पोरं अशी गाढ झोपत की पुढच्या तासाला त्यांना उठवायला लहानूला यावं लागे. पुंडलिकराव स्वतःच हे रंगवून सांगत आणि म्हणत की माझ्या गळ्यात अंगाई आहे, देवाची देणगी आहे, तिला मी काय करू.

रूपरावचं सूत हातभर निघालं की तुटायचं. पहिल्या वर्षी त्याची लटी मोजताना अण्णाजींनी शंभरानंतर नाद सोडला आणि वहीत 'असंख्य' असं लिहिलं. आकड्यांच्या रकान्यात अक्षरं मिळालेला तो एकटाच. एक्क्याऐंशीच्या जूनमध्ये त्यांनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं, पाठीवर हात ठेवला आणि फार दुःखाने सांगितलं की तुमचं दोन वर्षांचं प्रोबेशन पुढच्या जूनमध्ये संपतं, आणि असंच चाललं तर तुम्हाला कायम करा असं मला लिहिता येणार नाही. तुम्ही माणूस चांगले आहात, पण चित्त फार पळतं तुमचं.

रूपराव सायकलवरून घरी आला तो अर्ध्या वाटेत दोनदा उतरून. ही नोकरी त्याला हवी होती. हिंगणीच्या माळी-कुणब्यांत एम.एस्सी. झालेला तो पहिलाच, घरचं वाडीतलं भाजीपाल्याचं काम सांभाळून जाता येईल असं कॉलेज हे एकच, हे सगळं होतंच. पण खरी गोष्ट वेगळी होती. इंग्रजी पुस्तकाने घाबरवून सोडलेलं एखादं पोट्टं मागच्या बाकावरून 'हां सर, समजलं' म्हणे, तेव्हा त्याला जे वाटे ते कुठल्या देवळात वाटलं नव्हतं. ते आता सुटणार होतं.

घरी त्याचा एक जुना रिवाज होता. तो बोलायला भित्रा. पहिल्याच तासाला त्याची जीभ टाळूला चिकटली होती, तेव्हापासून उद्याचा तास आज संध्याकाळी अंगणात मायसमोर म्हणून बघायचा, असं त्याने ठरवलं होतं. धुरपताबाईने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. ती समोर बसून शेंगा सोलायची, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायची आणि हा गुरुत्वाकर्षण सांगायचा. बोलून पाहिलं की धीर येतो, एवढाच त्याचा हिशेब होता.

त्या संध्याकाळी त्याने तासाऐवजी टकळी काढली. सूत तुटलं, जोडलं, तुटलं. धुरपताबाईने थोडा वेळ पाहिलं. मग उठली आणि फडताळावरून एक धुळीने माखलेली पेटी खाली काढली. गावात खादीचं काम चाले त्या काळात ती पोर असताना कातायला शिकली होती. तो पेटीचरखा तिच्या माहेरचा.

"कापूस इकडे आण," ती म्हणाली. "तू तुहं सांगाचं काम कर. येवढंसं सूत कालेजाले लागते तं घरातून जाईन. त्यात लाजाचं काय?"

तिच्या लेखी कॉलेजला सूत देणं म्हणजे शाळेला वर्गणी देण्यासारखं होतं. रूपरावला ते तसं नाही हे पक्कं ठाऊक होतं. पण त्याने स्वतःला समजावलं की एकच महिना, तोवर आपला हात बसेल. आजचं मरण उद्यावर ढकलायची कला प्राध्यापकाला शिकवावी लागत नाही. महिन्याचे सहा महिने झाले. सूत्रयज्ञात तो खांबाआड बसून टकळी फिरवी आणि त्याचं ते गाठाळ सूत नानाजीकडे, म्हणजे बापाकडे जाई. नानाजी त्याने सांबाराच्या जुड्या बांधून सेलूच्या बाजारात नेई. तिथे गाठी कोण मोजतो?

धुरपताबाईचं सूतही कधीकधी तुटायचं. तसं झालं की ती "तुटलं" एवढंच म्हणे, चाक थांबवून टोक शोधू लागे, आणि रूपराव तोवर गप्प बसे. मग मध्येच सुटलेला धागा त्यालाही सापडत नसे, म्हणून तो ते सगळं पहिल्यापासून सांगे. एका संध्याकाळी तर कहर झाला. उष्णतेचा दुसरा नियम होता; जगातला विस्कळीतपणा आपोआप वाढतो, कमी होत नाही, असं काहीतरी तो पुस्तकी भाषेत सांगत होता आणि सूत दर दोन वाक्यांना तुटत होतं. शेवटी वैतागून त्याने तिच्यापुढची सांबाराची जुडी उचलली आणि दोरा ओढला. "हे पाह्य माय, जुडी सुटली का पसरते. पण पसरलेला सांबार आपल्या आप कधी जुडीत बसते का? बसवाले तुहा हात लागते. बस, येवढाच नियम हाये." त्यानंतर सूत तुटलं नाही. रूपरावला वाटलं, मायची नजर कमी झाली आहे, संध्याकाळचं दिसत नसेल. पुढच्या रविवारी तो तिला वर्ध्याला घेऊन गेला आणि चष्मा करून आणला. चष्म्याने गाठी काही कमी झाल्या नाहीत.

इकडे कॉलेजात अण्णाजी हरखून गेले होते. ज्याच्या नावापुढे 'असंख्य' लिहिलं, त्याच्या लटीत आता बहुतेक दिवशी चार, तीन, दोन गाठी. आणि त्याच सुमाराला त्याच्या तासाला दाराबाहेर चपला मावेनात. कलाशाखेची पोरं खिडकीत उभी राहून जुडीचा नियम ऐकत. सहामाहीत फिजिक्सचे दोघेच नापास झाले, आणि त्यातला एक परीक्षेलाच आला नव्हता. सूत सुधारलं, शिकवणं सुधारलं! वीस वर्षांत अण्णाजींना मिळालेला हा पहिला पुरावा. बारांपैकी अकरा जण सिद्धांतात बसत नव्हते. बारावा बसला, तेव्हा अण्णाजींनी त्या अकरांना अपवाद ठरवलं आणि नागपूरच्या एका परिषदेसाठी निबंध लिहायला घेतला. त्यात प्राध्यापकाची आंतरिक साधना आणि त्याच्या कामाची प्रत यांचा संबंध सिद्ध करायचा होता. निबंधात रूपरावचं नाव सतरा वेळा आलं होतं. ते त्यांनी रूपरावला मोजून दाखवलं.

रूपरावला त्या दिवशी डबा गेला नाही.

जानेवारीत अण्णाजींनी सूत्रयज्ञानंतर जाहीर केलं की तीस तारखेला, हुतात्मा दिनाच्या सभेत, वर्षात सर्वांत सुधारलेल्या सुताचा सत्कार होईल. मानकरी रूपराव उमाटे. ते मंचावर बसून सगळ्यांसमोर एक लटी कातून दाखवतील आणि तालुक्यातले शिक्षक बघायला येतील. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या पुंडलिकरावांच्या होत्या, कारण खांबाच्या त्याच बाजूला तेही बसत आणि त्यांना सगळं दिसत असे.

बाहेर आल्यावर पुंडलिकरावांनी त्याला निंबाखाली गाठलं. आता कसं, असं रूपरावने विचारलंसुद्धा नाही. नुसता चेहरा दाखवला. पुंडलिकराव म्हणाले, त्यात काय, हाताला पट्टी बांध, मुरगळला म्हण. तीस तारीख गेली की हात बरा. एवढा शिकला तू आणि एवढं सुचेना तुला?

पंचवीस तारखेला, सोमवारी, रूपराव उजव्या हाताला पट्टी बांधून आला. दुसऱ्या तासाला फळ्यावर आकृती काढायची होती. त्याने खडू घेतला, पट्टी आड येऊ लागली, म्हणून त्याने ती सोडून डाव्या हाताला बांधली आणि आकृती पूर्ण केली. साठ पोरांनी हे पाहिलं. तासानंतर लहानू पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि बराच वेळ हाताकडे बघत उभा राहिला.

"सर, सकाळी ही पट्टी दुसऱ्या हाताले होती न?" त्याने विचारलं. रूपरावने पाणी पिऊन तांब्या परत दिला.

तोवर बातमी अण्णाजींपर्यंत गेली होती. ते स्वतः धावत आले. बोलू नका म्हणाले, हलू नका म्हणाले, आपल्या खोलीत नेऊन त्याला बाकावर आडवं केलं आणि कोपऱ्यातल्या मडक्यातली भिजवलेली काळी माती काढली. डाव्या हाताची पट्टी सोडून ते कोपरापर्यंत माती लिंपू लागले. लिंपताना बोलत होते. आपलं हे कॉलेज उभं राहिलं तेव्हा लोक हसले, म्हणाले पोरांना डिग्री पाहिजे, सूत कोणाला पाहिजे. वीस वर्षं आपण एकटेच हे धरून बसलो. कधीकधी रात्री वाटायचं की आपलंच चुकलं असेल. आणि मग तुम्ही आलात. मनगटाला माती लावताना त्यांची बोटं इतकी हलकी पडत होती की दुखऱ्या हातालासुद्धा दुखलं नसतं. हा हात तर धडधाकट होता.

रूपरावला ते सोसवेना. मंचावरची फजिती एक वेळ चालली असती. हे नको होतं.

"अण्णाजी," तो छताकडे बघत म्हणाला, "हाताला काही झालं नाही. आणि ते सूतही माझं नाही. जूनपासून सगळं माझ्या मायनं कातलं."

अण्णाजींची बोटं थांबली. मग पुन्हा चालू झाली. उरलेली माती त्यांनी नीट कोपरापर्यंत नेली, वरून ओला फडका गुंडाळला, हात धुतले.

"एकही लटी तुमची नाही?"

"नाही."

"मग तुमचं सूत कुठे गेलं?"

"सांबाराच्या जुड्या बांधायला."

अण्णाजींनी टेबलावरची निष्ठा वही उचलली, तिच्यावरची नसलेली धूळ पुसली आणि बगलेत धरली. दारात थांबून ते म्हणाले, "माती वाळू द्या. अर्धा तास हात हलवू नका." आणि निघून गेले. रूपराव अर्धा तास तसाच पडून राहिला. नोकरी गेली हे त्याला कळत होतं, आणि तरी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास आला.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाला अण्णाजींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. दुपारी चारच्या एस.टी.ने मात्र ते हिंगणीला उतरले. खांद्याला खादीची पिशवी, पिशवीत निष्ठा वही आणि तिच्याखाली कॉलेजच्या शिक्षकांची दैनंदिनी, म्हणजे रोज कोणत्या तासाला काय शिकवलं त्याची नोंद. रूपरावने घरी काही सांगितलं नव्हतं. साहेब मायसमोर आपली अब्रू काढायला आले असं समजून त्याने अंगणात बाज टाकली आणि आपण उभाच राहिला. धुरपताबाईने चहा ठेवायला घेतला. ते चहा घेत नाहीत म्हटल्यावर गूळपाणी दिलं.

अण्णाजींनी एक लटी पिशवीतून काढून तिच्यासमोर धरली आणि हे सूत तुमचं का, असं विचारलं.

"होय जी. काऊन, खराब निघालं का?"

"खराब? नाही बाई, फार सुरेख आहे. पण मला एक सांगा. एका दिवशी गाठी दोन, दुसऱ्या दिवशी एकवीस, तिसऱ्या दिवशी पुन्हा दोन. रात्री मी सगळी वही पाहिली. असं कसं होतं?"

धुरपताबाईने लेकाकडे पाहिलं. साहेबासमोर सांगावं की नाही असा विचार तिच्या मनात होता. मग तिने सांगून टाकलं.

"तो नीट सांगत नसला का तुटते, जी. त्याचं बोलणं समजत गेलं का माहा हात आपल्या आप चालते. नाई समजलं का ध्यान तिकडे जाते, का हा पोट्टा काय म्हणून राह्यला, आन् सूत तुटते. मंग तो पुन्हा पह्यल्यापासून सांगते. पुन्हा सांगते ते बरं सांगते. म्हणून त्याले कधी बोलून नाई दाखवलं."

"आन् चष्मा?" रूपरावच्या तोंडून निघालं.

"तू हौसेनं आणला, तं घातला."

अण्णाजींनी घाईघाईने दोन्ही वह्या बाजेवर उघडल्या. एका वहीत सोळा सप्टेंबर, गाठी एकवीस. दुसऱ्या वहीत सतरा सप्टेंबर, उमाटे, उष्णतेचा दुसरा नियम. इकडे दोन गाठी, तिकडे दुसऱ्या दिवशी जडत्व. इकडे अकरा, तिकडे विद्युत्क्षेत्र. त्यांचं बोट या वहीवरून त्या वहीवर जात होतं आणि ओठ हलत होते. रूपराव बाजेच्या कडेवर टेकला. इतके महिने आपण पाठ म्हणत होतो आणि इतके महिने माय आपली परीक्षा घेत होती, हे त्याला आत्ता कळत होतं.

"उद्या काय आहे तुमचं?" अण्णाजींनी वर न बघता विचारलं.

उद्या प्रकाशाचं ध्रुवीकरण होतं. अण्णाजी म्हणाले, सांगा. धुरपताबाईने चरखा पुढे ओढला. रूपरावने घसा खाकरला आणि साहेब बसलेत म्हणून पुस्तकासारखं सुरू केलं. प्रकाशतरंगांची कंपनं सर्व प्रतलांमध्ये...

"तुटलं," धुरपताबाई म्हणाली.

रूपराव थांबला. आता त्याला कळलं होतं काय करायचं ते. त्याने विहिरीचा दोर आणला, एक टोक गोठ्यातल्या खुंटीला बांधलं आणि दोर कवाडाच्या दोन उभ्या फळ्यांच्या फटीतून घेतला. दोर वरखाली झटकला की लाट फटीतून पलीकडे जाई. आडवा झटकला की फळीला आपटून मरून जाई. प्रकाशाचंही असंच असते माय, त्याने सांगितलं, काही काचा अशा असतात का त्याईच्यात ही फट राह्यते, एकाच अंगाचा उजेड पलीकडे जाते. चाक फिरत राहिलं. सूत लांबत गेलं, गुंडाळलं गेलं, पुन्हा लांबलं. अण्णाजी गूळपाण्याचा पेला हातात धरून चाकाकडे बघत होते आणि पेला तिरपा होऊन धोतरावर पाणी सांडत होतं, ते त्यांच्या गावी नव्हतं.

लटी झाली. अण्णाजींनी ती बोटांतून सरकवली. सुरुवातीची एक गाठ, बाकी काही नाही. मग ते थोडे लाजल्यासारखे झाले आणि पिशवीतून निबंधाचे कागद काढले.

"बाई, मीही जरा सांगून पाहू का?"

"सांगा न जी."

अण्णाजींनी वाचायला सुरुवात केली. "कर्म हीच उपासना मानणाऱ्या व्यक्तीच्या आंतरिक अधिष्ठानाचा तिच्या कार्यनिष्पत्तीशी असलेला अन्योन्यसंबंध..."

"तुटलं."

त्यांनी दुसरा परिच्छेद घेतला. तो पहिल्या ओळीत तुटला. तिसरा तर 'तथापि' वरच. चौथ्या वेळी अण्णाजींनी कागद खाली ठेवले, चष्मा काढला आणि वीस वर्षं कॉलेजात कोणी ऐकली नव्हती ती आपली बोली बाहेर काढली.

"म्हणजे असं पाहा बाई, माणूस मन लावून काम करते, तं काम चांगलं होते. येवढंच."

चाक फिरलं. सूत तुटलं नाही.

"हे तं मले ठाऊकच हाये," धुरपताबाई म्हणाली. "येवढ्यासाठी येवढं काऊन लिवलं?"

अण्णाजींनी खाली ठेवलेल्या कागदांकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलू लागले, आणि मग ते इतके हसले की वाडीतून नानाजी काय झालं बघायला आला. डोळे पुसत त्यांनी निबंधाचे कागद दुमडले आणि पिशवीत खोल घातले. तो निबंध नागपूरला कधी गेला नाही.

रूपरावने त्यांना एस.टी.पर्यंत पोचवलं. वाटेत त्याने धीर करून अहवालाचं विचारलं. अण्णाजी म्हणाले, तुम्ही सात महिने मला फसवलं, ते मी लिहिणार. दुसरंही जे आहे ते लिहिणार. त्याचं पुढे काय होईल ते मला माहीत नाही. मग गाडीत चढताना वळून म्हणाले, तीस तारखेला बाईंना घेऊन या.

तीस तारखेला सत्कार धुरपताबाईचा झाला. मंचावर ती कातत होती, शेजारी उभा राहून रूपराव तालुक्यातल्या शिक्षकांना दोर आणि फळ्या दाखवत होता, आणि त्याच्या लबाडीची हकीकत अण्णाजींनी आधीच सगळ्यांना सांगितल्यामुळे त्याचे कान लाल झाले होते. पण कोणी हसलं नाही. सभा संपल्यावर पुंडलिकरावांनी धुरपताबाईला हळूच विचारलं की रविवारी मी येऊ का, माझा एक पाठ आहे. ते आले. दोन तास बोलले. सूत एकदाही तुटलं नाही, तेव्हा ते फार खूश झाले. मग लक्षात आलं की धुरपताबाईचा हात केव्हाच थांबला आहे आणि ती भिंतीला टेकून झोपली आहे. पण ते हटले नाहीत, पुढच्या रविवारी पुन्हा आले. मार्चपर्यंत त्यांच्या वर्गातली निम्मी पोरं जागी राहू लागली.

गोपनीय अहवाल मार्चअखेर गेला. त्यातल्या 'कामावरील निष्ठा' या रकान्यात अण्णाजींनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'सूतकताई : येत नाही. खरेपणा : उशिरा आला, पण आपण होऊन आला. अध्यापन : उत्तम. अधिक माहिती हवी असल्यास यांच्या आईस विचारावे.' संस्थेच्या सचिवांनी कागद परत पाठवला आणि कळवलं की असा मजकूर कार्यालयीन रीतीस धरून नाही. अण्णाजींनी तोच कागद तसाच पुन्हा पाठवला. सचिवांनी पुन्हा परत केला. एप्रिल गेला, मे गेला. कागद सहा वेळा गेला आणि सहा वेळा आला. लहानू सायकलने तो पोचवी, आणि रूपराव रोज त्याच्या चेहऱ्याकडे बघे, आणि लहानू मान हलवी. सातव्यांदा गेलेला कागद मात्र परत आला नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी लहानू हिंगणीला अंगणात येऊन सायकलवरून उतरला आणि लांबट पाकीट देऊन गेला. धुरपताबाई चरख्यावर होती. आता कोणी सूत मागत नव्हतं. पण संध्याकाळी हात रिकामा बरा वाटत नाही, म्हणून ती कातत असे. रूपरावने पाकीट फोडलं. त्याने मोठ्याने वाचायला घेतलं, कारण या अंगणात मोठ्यानेच वाचायची सवय होती.

"उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की, आपला परिवीक्षाधीन कालावधी..."

"तुटलं," धुरपताबाई म्हणाली. "काय म्हणून राह्यला तो?"

रूपरावने पुढचं मनात वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.

"नोकरी पक्की झाली, माय."

चाक दोन वेढे सरळ फिरलं. मग सूत पुन्हा तुटलं.

"आता काऊन तुटलं? हे तं समजलं न तुले?"

धुरपताबाईने चष्मा काढून पदराने पुसला, डोळे पुसले, पुन्हा चष्मा पुसला, आणि मांडीवर चाचपडत सुताचं टोक शोधू लागली. ते तिला दिसेना. शेवटी रूपरावनेच ते शोधलं आणि जोडून दिलं. त्याच्या हातची गाठ होती, जाडजूड आली. तिने ती तशीच राहू दिली आणि पुढे कातायला घेतलं.